कोऱ्या ताटलीतलं जाळं

ताटली कोरी असायला हवी होती. ती कोरी नव्हती.

झैनेपने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. पेशी लांबून एकमेकींना चिकटल्या होत्या. बारीक रक्तवाहिन्यांचं नीटस जाळं. दुसऱ्या कुठल्या ताटलीत दिसलं असतं तर तिला आनंद झाला असता. पण ते या ताटलीत होतं.

तिने दाराला आतून कडी घातली आणि फोन लावला.

“बुरुलचा एजे? पोलिसातल्या?” ती कुजबुजली. “मी झैनेप. ओमुराली आगायच्या प्रयोगशाळेत काम करते. एजे, आगायना झटका वगैरे काही आलेला नाही. त्यांच्या रक्तात विष आहे. आणि ते कालचं नाही, बऱ्याच दिवसांपासूनचं आहे.”

“तुला कुणी सांगितलं?”

“पेशींनी,” झैनेप म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याची तिला भीती वाटली. “तुम्ही लगेच या. आणि कुणाला सांगू नका.”

आमच्या ओश शहरात थोरल्या भावाला बाइके म्हणतात आणि थोरल्या बहिणीला एजे. बुरुलचाला तर सगळेच एजे म्हणतात. बेड्या घालून घेताना चोरसुद्धा एजेच म्हणतात. बाई धिप्पाड, आवाज खणखणीत. पण त्या सकाळी इस्पितळाच्या व्हरांड्यात बसलेली बुरुलचा मनातून टरकली होती. का टरकणार नाही? माणसाचा जीव टांगणीला, आणि कोण घेऊ पाहतंय त्याचा पत्ता नाही.

आदल्या संध्याकाळी ओमुराली आगाय स्वतःच्या फाटकाशी कोसळले होते. आगाय म्हणजे मास्तर. शहरातले निम्मे डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले. तोंडातून लाळ, अंगाला थरथर, नाडी मध्येच धावतेय, मध्येच अडखळतेय. ड्यूटीवरचा डॉक्टर त्यांचाच विद्यार्थी. त्याला हे शेतात फवारायच्या औषधासारखं वाटलं म्हणून त्याने पोलिसांना कळवलं. सकाळपर्यंत आगाय सावरले, आणि सावरल्यावर पहिलं वाक्य बोलले ते बायकोबद्दल.

“साकिनच्या हातचं मला काही देऊ नका.”

ती साकिन बुरुलचाच्या शेजारी बाकावर बसली होती. डोक्याच्या रुमालाचं टोक बोटांना गुंडाळत होती, सोडत होती.

“आपा, हे कधीपासून चाललंय?” बुरुलचाने हळू आवाजात विचारलं.

“मे महिन्यापासून. कामावरून घरी आले की घाम, मळमळ, छातीत धडधड. मी ताट वाढलं की सुरूच. मग म्हणायला लागले, आधी तू खा. अगं पोरी, जन्मभर एका ताटात जेवलो आम्ही! त्याच ताटातलं मी खाते, मला काही होत नाही. तरी माझ्याकडे असे बघतात ना हल्ली...”

“तुम्हाला कधीच काही झालं नाही?”

“भीतीनं होतं कधीतरी. परवा ह्यांची टोपी घासत बसले होते. आतल्या पट्टीवर घामाचा तपकिरी डाग पडलाय मेला, निघता निघत नाही. घासता घासता एकदम ओकारी आली. जिवाला घोर लागला की पोट बिघडतंच ना?”

बुरुलचाने मान हलवली.

“काल त्यांच्याबरोबर कोण होतं?”

“कुबात. ह्यांच्या हाताखालचा. रोज दोघं चालतच येतात. त्यानंच उचललं, त्यानंच गाडी बोलावली. ह्यांची टोपी धुळीत पडली होती, तीही आत्ता सकाळी आणून दिलीन. गुणी आहे हो पोरगा.”

आणि तेवढ्यात झैनेपचा तो फोन आला. बुरुलचाने दारावरच्या शिपायाला दटावून सांगितलं, “आत अन्नाचा कण जाता कामा नये, पाण्याचा थेंब नाही. बायको नाही, भाऊ नाही. हाताला लावलेली सलाईन तेवढी चालू राहील.” आणि ती निघाली.

प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत खुंट्या होत्या. कोट, पिशव्या, टोप्या सगळं इथे टांगायचं आणि मग पेशींच्या खोलीत जायचं. सगळ्यांत वरची खुंटी रिकामी होती.

“ती आगायच्या टोपीची,” झैनेप म्हणाली. “त्यांच्यावर कुणी टांगत नाही.”

आत तिने बुरुलचाला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

“मला यातलं ओ की ठो कळत नाही, बरं का,” बुरुलचाने आधीच सांगून टाकलं.

“कळेल. आपल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून एक अस्तर असतं, एकाच थराचं. या त्या पेशी. त्यांच्या अंगावर कुलपं असतात. आम्ही रिसेप्टर म्हणतो.”

“किल्ली कुणाकडे?”

“त्यांच्याचकडे! किल्ली त्या स्वतः घडवतात, गरजेपुरती. जखम झाली, कुलूप उघडलं, की पेशी सरकतात, वाढतात, नवी वाहिनी विणतात. पण निकोटिन म्हणजे त्याच कुलपाची नकली किल्ली. ती लागली की जखम असो-नसो, विणकाम सुरू. मग ती वाहिनी एखाद्या गाठीला रक्त पुरवेल, नाहीतर डोळ्याच्या पडद्यावर नको तिथे पसरेल. पेशींना काय त्याचं!”

“म्हणजे तंबाखू नुसती डोक्यात जात नाही.”

“डोक्याची उगाच बदनामी झालीय. ती सगळीकडे जाते.”

“बरं. मग या ताटलीत निकोटिन कुणी घातलं?”

“कुणीच नाही. हीच तर भीती आहे.” झैनेपने ती ताटली उचलली. “ही कोरी ताटली, दुसऱ्यांशी ताडून बघायला ठेवलेली. पेशी जगवायला रक्तातलं पिवळं पाणी लागतं, सीरम. विकतचं परवडत नाही, म्हणून आम्ही माणसाचं वापरतो. आता आपल्या ओशमध्ये बिनतंबाखूचा पुरुष शोधायचा म्हणजे बघा! कुबात बाइके तर भाषण करतानाही ओठाखालची नसवायची तंबाखू थुंकत नाहीत. माझ्या अंगात रक्त कमी, आगाय माझं काढू देत नाहीत. राहिले ते स्वतः. भाऊ घशाच्या गाठीनं गेला तेव्हापासून त्यांनी तंबाखूला हात लावलेला नाही. दर गुरुवारी त्यांचं रक्त मी माझ्या हातानं काढते.”

“आणि त्या रक्तात जाळं उगवतंय.”

“मे महिन्यापासून. हिवाळ्यातलं सीरम बर्फात ठेवलं होतं, ते घालून पाहिलं. ताटली कोरी. मेपासूनचं घातलं की जाळं. मग मेपासूनच्याच सीरममध्ये कुलूप बंद करणारं औषध मिसळलं. पुन्हा कोरी! म्हणजे जे काही आहे ते याच कुलपातून शिरतंय.”

“आगाय चोरून खात असतील.”

झैनेपने ताटली खाली ठेवली. “एजे, तुम्ही आमच्या आगायना ओळखत नाही.”

“मी असंच विचारते. राग मानू नकोस. हे आणखी कुणाला ठाऊक आहे?”

“कुबात बाइकेंना मागेच दाखवलं. म्हणाले, तुझेच हात घाण, फेकून दे ताटल्या. मी फेकल्या नाहीत.”

“तुमच्याकडे निकोटिन असतं?”

झैनेपने कपाट उघडून एक छोटी बाटली दाखवली. “नवं असतं तेव्हा पाण्यासारखं. हवा लागली की असं चहाच्या रंगाचं होतं. किल्ल्या आम्हा तिघांकडेच आहेत.”

“आगायचं कुणाशी वाकडं?”

“छे! फक्त... डोंगरातल्या एका झुडपाचा अर्क हे कुलूप बंद करतो, असं कुबात बाइकेंनी दाखवलंय. त्या ताटल्यांचे फोटो राजधानीत गाजले. माझ्या हातून ते एकदाही जमत नाही. आगायना सांगितलं, तर म्हणाले, संशोधकांच्या जूनच्या सभेत बघू.”

दारावर थाप पडली. झैनेप दचकून उठली. बुरुलचाने तिला हातानं बसवलं आणि कडी काढली.

कुबात हसतच आत आला. चाळिशीचा, देखणा, खालचा ओठ नसवायने फुगलेला.

“काय एजे, आमच्या झैनेपने तुम्हालाही भुतं दाखवली वाटतं?”

“दाखवली. तुम्हाला नाही वाटत भीती?”

“काचेच्या ताटलीची? अहो, घरात बायको विष घालतेय ते सोडून तुम्ही ताटल्या काय बघताय? आगाय इथून ठणठणीत निघतात आणि घरी पोचले की आडवे होतात. रोज मी बरोबर असतो.”

“इथे काय खातात ते?”

“आम्ही खातो तेच. एक किटली, एक पाव, तिघांत तोडून. त्यात काही असतं तर तिघंही आडवे झालो असतो.”

हे खरं होतं. बुरुलचा त्यावरच अडली. घरी एक ताट, इथे एक पाव. सगळ्यांनी खायचं आणि मरायचं एकट्याने, हे कसं जमवलं कुणी?

“टोपी तुम्ही आणून दिलीत म्हणे.”

“धुळीत पडली होती. घरी नेऊन झटकली, सकाळी पोचवली. आगायना उघड्या डोक्यानं बघवत नाही हो.”

बुरुलचाचा फोन वाजला. शिपाई होता. बोलताना त्याची बोबडी वळली होती.

“एजे, आगाय पुन्हा गेले! म्हणजे, जातायत!”

बुरुलचा इस्पितळात पोचली तेव्हा आगायच्या खाटेभोवती धावपळ चालली होती. म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा, डोक्यावर पांढरी टोपी तिरकी झालेली, तोंडातून लाळ.

“आत कोण गेलं होतं?” तिने शिपायाला भिंतीशी गाठलं.

“त्यांच्या गावची म्हातारी मंडळी. दुआ द्यायला. थोरामोठ्यांना नाही कसं म्हणू, एजे?”

“काय दिलं त्यांनी?”

“काही नाही! मी बघतच होतो. आगाय उठून बसले, वडीलधाऱ्यांपुढे बोडकं कसं बसायचं म्हणून टोपी मागून घेतली, बोलले. म्हातारे गेले, आणि थोड्या वेळानं घामाघूम झाले.”

“आणि साकिन आपा?”

“बाकावरून हलल्या नाहीत. आईशप्पथ एजे, तोंडात पाणीसुद्धा गेलं नाही.”

दारावर पहारा, तोंड बंद, आणि तरी विष आत पोचलं. मग ते येतंय कुठून? भिंतीतून? बुरुलचाने आयुष्यात खून पाहिले होते, पण असं काही पाहिलं नव्हतं.

“आता सांभाळलंय,” डॉक्टर घाम पुसत म्हणाला. “पण आणखी एकदा असं झालं तर मी त्यांना परत आणू शकणार नाही. स्पष्टच सांगतो.”

नर्सला आगायच्या तोंडावर मास्क चढवायचा होता. तिने टोपीचा शेंडा धरून ती काढली आणि बुरुलचाकडे दिली. “एजे, धरा जरा. खाली कुठे ठेवू नका हं.”

ते काय सांगायला हवं? पुरुषाची टोपी म्हणजे त्याचं डोकं. ती जमिनीवर ठेवायची नाही, पायाशी ठेवायची नाही, दुसऱ्याने घालायची तर नाहीच. निजतानाही ती उशाशी असते. बुरुलचाने ती दोन्ही हातांनी धरली, मग काखेत घेतली आणि व्हरांड्यात येरझाऱ्या घालत विचार करू लागली. पंखा बंद, जूनचा उकाडा, काखेतून घामाच्या धारा.

आधी तिच्या तोंडाला पाणी सुटलं. मग मळमळलं. मग छाती अशी धडधडायला लागली की तिने भिंत धरली.

मलाही दिलं, तिच्या मनात आलं. सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही, प्यायलेलं नाही, आणि मलाही दिलं कुणीतरी. बाकावरून साकिन धावत आली.

“काय झालं गं पोरी?”

पण बुरुलचाला ही मळमळ ओळखीची वाटत होती. फार जुनी ओळख. लहानपणच्या नोकात गावातलं तंबाखूचं शेत, पहाटेचं दव, ओली पानं काखोटीला मारून धावणारी पोरं, आणि बांधावर ओकत बसलेली ती स्वतः. आई ओरडायची, दव वाळू दे, मग तोड! तेव्हा तिने तंबाखू तोंडात घातली नव्हती. ओल्या पानातून ती कातडीत उतरायची.

तिने काखेतून टोपी काढली. बाहीवर चहाच्या रंगाचा ओला पट्टा उमटला होता.

“साबण!” ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की अख्खा व्हरांडा थांबला. “आगायचं कपाळ धुवा! केस, मान, कान, सगळं धुवा! आणि ती उशीही काढा तिथून!”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने साकिन, झैनेप आणि कुबातला प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत बोलावलं. दारात शिपाई उभा होता. बुरुलचा आली ती हातात पांढरी टोपी घेऊन. खोलीच्या मधोमध आली आणि टोपी तिने जमिनीवर टाकली.

“अगं बाई!” साकिन किंचाळली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी खाली वाकली. झैनेपही वाकली. शिपाई दारातून धावत आला. तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

कुबातने हात पाठीमागे घेतले होते. तो भिंतीला टेकला होता.

“उचला ना बाइके,” बुरुलचा म्हणाली. “तुमच्या गुरूची टोपी आहे.”

“ते... त्या उचलतायत की.”

“नवी आहे. सकाळी बाजारातून घेतली. हात लावा, काही होत नाही. आगायची टोपी पिशवीत बंद करून ठेवलीय मी. तुम्हाला ती नुसती बघूनच मागे सरावंसं का वाटलं?”

कुबातने दाराकडे पाहिलं. शिपाई परत तिथे उभा होता.

“मी ताटातलं विष शोधत बसले,” बुरुलचा म्हणाली. “पण इथे सगळे एका ताटात जेवतात, एक पाव मोडतात. ताटात विष घातलं तर सगळे मरतील, हे तुम्हाला माहीत होतं. मग आपल्याकडे अशी कुठली गोष्ट आहे जी कुणी कुणाशी वाटून घेत नाही? दुसऱ्याच्या टोपीला कुणी हात लावत नाही. तिच्यासारखी सुरक्षित जागा नाही. आगाय आत पेशी बघत असायचे, टोपी या वरच्या खुंटीवर. तुम्ही आतली पट्टी निकोटिनने भिजवायचात. मग उन्हातून घरापर्यंत चालत जायचं. कपाळाला घाम, घामातून विष कातडीत. घरी पोचेपर्यंत ते चढायचं, आणि समोर कोण? ताट वाढणारी बायको!”

साकिनने तोंडावर हात घेतला. “तो डाग...”

“तो डाग घामाचा नव्हता, आपा. तुम्ही तो घासलात म्हणून ओकलात. ज्याला विष ठाऊक आहे तो ते हातानं घासत बसत नाही. आणि रात्री टोपी उशाशी, सकाळी पुन्हा डोक्यावर. म्हणून गुरुवारच्या रक्तात ते सापडायचं. ते पेशींनी ओळखलं तेव्हा बाइके झैनेपला म्हणाले, फेकून दे.”

झैनेपने आतल्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं. “पट्टीचा एक धागा पाण्यात भिजवला, ते पाणी खूप पातळ करून हिवाळ्यातल्या सीरममध्ये घातलं. आज ताटली जाळ्याने भरलीय. कुलूप बंद करणारं औषध घातलं त्यात काही नाही.”

“आणि तुमच्या घरी बाटली मिळाली,” बुरुलचा म्हणाली. “आगाय सकाळी बोलले माझ्याशी. ते झुडपाच्या अर्काचे फोटो ज्या ताटल्यांचे आहेत, त्यांत निकोटिन घातलंच नव्हतं. कुलूप उघडलंच नव्हतं, तर बंद काय करणार? त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, जूनच्या सभेत तू स्वतः उभा राहून कबूल कर, नाहीतर मी सांगेन.”

“मला त्यांना मारायचं नव्हतं,” कुबात पुटपुटला. “सभेपर्यंत आजारी पडावेत एवढंच...”

“फाटकाशी पडलेला माणूस पाहिल्यावर टोपी घरी नेलीत. आणि पट्टी पुन्हा भिजवून आणलीत. तेव्हाही एवढंच होतं का?”

साकिन हळूहळू चालत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता मारते.

“माझ्या ताटातलं जेवलायस रे तू,” ती म्हणाली. “आणि माझ्या नवऱ्याला माझ्याच हाताची भीती घातलीस.”

शिपायाने त्याला नेलं. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी झैनेपने इस्पितळात जाऊन आगायचं रक्त काढून नेलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी साकिन वाडग्यात गरम शोर्पो घेऊन आली. आगाय उशीला टेकून बोडक्याने बसले होते. बायकोला बघून त्यांनी नजर खाली घातली. खरं कळलं त्या दिवसापासून तिच्याशी काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं.

साकिन खाटेशी बसली. रस्सा चमच्यात घेतला आणि सवयीने आधी स्वतःच्या ओठांकडे नेला. मे महिन्यापासून लागलेली सवय.

आगायनी तिचं मनगट धरलं.

“नको,” ते म्हणाले. “इकडे दे.”

आणि चमचा बाजूला सारून त्यांनी अख्खा वाडगा तोंडाला लावला. जीभ पोळली. डोळ्यांतून पाणी आलं, ते पोळल्याचं का कशाचं ते साकिनने विचारलं नाही.

“हळू हो! कुणी पळवून नेतंय का?”

उशाशी फोन वाजला. झैनेप होती, आणि ती रडत होती.

“आगाय, ताटली कोरी आहे. काहीसुद्धा उगवलेलं नाही.”

“बरं झालं. आता रडू नकोस, चष्मा खराब होईल,” आगाय म्हणाले, आणि रिकामा वाडगा त्यांनी बायकोपुढे केला. “आणखी आहे का गं?”